फळ्यावरच्या चार कादंबऱ्या

मित्रांनो, माझा काळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि खडूही आता माझ्यावर नीट उमटत नाही. मी एक जुना लाकडी फळा आहे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाकडच्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली. तिच्यासाठी मला घाईघाईने बनवले गेले. पहिल्या दिवशी बसवंत गुरुजींनी माझ्यावर धडा लिहिलाच नाही. आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव लिहिले. आपले नाव दिसले की मुले हळूच हसत. कुणाचे नाव अंगावर येण्यात आनंदच असतो, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

पुढे गावात पक्की शाळा झाली आणि मी लातूरला अजीजभाईंकडे आलो. ते पुस्तकांना बाइंडिंग करत. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांनी छोटे वाचनालय काढले होते. मला त्यांनी दाराशी टांगले. दर महिन्याला एका वाचकाने त्या महिन्यातल्या आपल्या आवडत्या कादंबऱ्या माझ्यावर लिहायच्या आणि खाली नाव घालायचे. ते काम मला फार आवडे.

तोवर शहरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. गावोगावची मुले खोल्या घेऊन राहत. रेणापूरकडची ऋतुजा त्यांच्यातलीच एक. बारावीला होती. दोन क्लासच्या मधल्या वेळात ती येई आणि उभ्यानेच वाचत राही. एका डिसेंबरात अजीजभाईंनी तिच्या हातात खडू दिला.

पहिली कादंबरी दीपगृहात राहणाऱ्या मुलीची. तिच्यापुढे ऋतुजाने लिहिले, "मी समुद्र पाहिलेला नाही, तरी ओठ खारट झाले." दुसरी एका सायकलवरून भांडणाऱ्या दोन भावांची. "धाकटा शेवटी काहीच बोलत नाही, ते आवडलं." तिसरी सर्कस सोडून शाळेत आलेल्या मुलीची. "ती गणितात नापास होते, तरी तिच्यावर कुणी रागवत नाही." चौथी अजून अर्धीच वाचून झाली होती. "राहवलं नाही म्हणून लिहिली." खाली पूर्ण नाव.

रविवारी तिचे वडील अण्णाराव डबा घेऊन आले. लेक खोलीवर सापडली नाही, म्हणून विचारत विचारत दुकानापर्यंत पोचले आणि माझ्यापुढे थांबले. ऋतुजा आतच होती.

"ही ऋतुजा आमचीच का?"

"हाव अण्णा!" अजीजभाई कौतुकाने म्हणाले. "एका महिन्यात चार कादंबऱ्या! लई हुशार पोरगी हाय."

अण्णारावांचे बोट तिसऱ्या ओळीवर थांबले. "परीक्षा तोंडावर आली, आन् तू हे वाचून राहिलीस? नापास व्हायच्या गोष्टी?"

"आप्पा, मी फक्त मधल्या वेळात..."

"पूस ते."

तिने ओढणीच्या टोकाने चारही ओळी पुसल्या. नाव सर्वांत शेवटी पुसले. अर्धी राहिलेली कादंबरी टेबलावर ठेवली आणि ती पुन्हा कधी आली नाही. मित्रांनो, अण्णाराव माझ्यापुढे थांबले तेव्हा मला तिचे नाव झाकता आले नाही. "बापाला सांगायच्या आधी मी पोरीला विचारायला पाहिजे होतं," असे अजीजभाई कितीदा तरी म्हणत.

ऋतुजाला चांगले गुण मिळाले. दातांची डॉक्टर व्हायला ती औरंगाबादला गेली. चार वर्षांनी अण्णाराव एकटेच दुकानात आले.

"पोरगी फोनवर हाव-न्हाईच्या पुढं बोलत न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशीची यादी तुमी कुठं लिहून ठिवली का?"

लिहून ठेवली नव्हती. पण सर्कशीतल्या मुलीची कादंबरी अजीजभाईंनी शोधून दिली. मोंढ्यावर धान्य विकायला आले की अण्णाराव इथल्या बाकावर बसत आणि ओळीवर बोट ठेवून दहा-बारा पाने वाचत. दोन महिन्यांनी पुस्तक संपले. त्यांनी दुकानातूनच लेकीला फोन लावला.

"ऋतुजा, ती सर्कशीतली पोरगी... मी वाचली गं. लई धीराची हाय."

मग ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "अजीजभाई, ती म्हणाली, 'आप्पा, मला आता त्यातलं काहीच आठवत न्हाई.'"

पुढे वाचनालय बंद झाले. मी आता एका क्लासच्या जिन्यात आहे आणि माझ्यावर गुणांच्या याद्या चिकटवतात. मित्रांनो, घरात कुणी पुस्तकात डोके घालून बसलेले दिसले, तर शेजारी जाऊन बसा आणि पुढे काय झाले ते विचारा. गोष्ट मनात ताजी असते तेवढेच दिवस ती कुणाला तरी सांगावीशी वाटते.