वडखळ नाक्यावरचा वाघ

पुतळीने विळ्याने सुंभाची गाठ कापली आणि गुणाजीच्या गोठ्यावरून ‘वाघ’ घसरत खाली आला. फ्लेक्सच्या तुकड्यावरची नुसती अक्षरंच होती ती, पिवळीधमक, हातभर उंच. पण खाली बांधलेल्या म्हशीने दचकून दाव्याला हिसका दिला.

“अगो पुतळीबाय, पडशील ना म्हशीच्या अंगावर! गाभण हाय ती.”

“म्हशीची काळजी हाय तुला, माझी नाय.”

“तू काय दूध देतेस?” गुणाजी म्हणाला आणि तंबाखू चोळत स्वतःच हसला.

शिडी धरून उभी असलेली तिची भाची दिपिकाही हसायला लागली. शिडी हलली तशी पुतळी वरून ओरडली, “ए गो, धर नीट. दात मागाहून काढ.”

“आते, मी काय म्हणते, ऐक तरी. निकेशदादाला ना...”

“तोंड बंद, आणि ताडपत्री दे वर.”

पेणच्या बाजारातून आणलेली निळी ताडपत्री पुतळीने गोठ्यावर अंथरली, चारी कोपरे बांधले आणि एकेक पाय चाचपत ती खाली उतरली. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण आज त्यांचं ऐकायला तिला सवड नव्हती. दुपारी निकेश यायचा होता. तो यायच्या आत अख्ख्या शिंपलखार गावातून त्याला गोळा करायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी निकेशला कबड्डीच्या मोठ्या लीगमधल्या एका शहरी संघाने लिलावात घेतलं, तेव्हा टीव्हीवर त्याचं नाव पुकारताच गावात फटाके वाजले होते. पुतळीच्या भावाचा, दत्तात्रेयाचा, हा मुलगा. मिठागरावर राबणाऱ्याचा. वाड्यावस्त्यांवरच्या सामन्यांत तो चढाईला निघाला की समोरचे सात जण आपोआप दोन पावलं मागे सरत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, असा चढाईपटू कोकणात वर्षानुवर्षं झाला नाही. पोरांनी वर्गणी काढून वडखळच्या नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. मधोमध निकेशचं तोंड, एका बाजूला शड्डू ठोकलेली मांडी, दुसऱ्या बाजूला पसरलेला हात, आणि खाली ‘पेणचा वाघ’. अलिबागला जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तो दिसे. पुतळी तर त्या दिवसांत काम नसतानाही वडखळला जाऊन यायची.

आणि मग वाघ संघाच्या बाकावर बसून राहिला. मातीत अनवाणी वाढलेले त्याचे पाय मॅटवर, बुटांत, परक्यासारखे पडत. त्याला उतरवलं ते मोजक्या वेळा, आणि दर वेळी तो पकडला गेला. एकदा तर कुणी हात लावायच्या आधीच घसरून पडला. ते दृश्य लोकांनी फोनवर इतकं फिरवलं की पुतळीने दिपिकाच्या फोनकडे बघणंच सोडलं. पुढच्या लिलावात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. निकेशने धाटावला कंपनीत नोकरी धरली, रोह्यात खोली घेतली आणि शिफ्टचं कारण सांगत गावाला यायचं टाळलं. रोहा काही लंडन नव्हे. पण न येणाऱ्याला उंबरठाही लांबच असतो.

फ्लेक्स मात्र गावात आला. वाऱ्याने फाटायला लागला तेव्हा पोरांनी उतरवून देवळामागे टाकला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ज्याला जेवढा हवा तेवढा त्याने कापून नेला. त्यात कुणाचा वाकडा हेतू नव्हता. पाणी न गळणारी वस्तू खाडीकाठी कोण फेकतो? मांडी गेली पेंढ्याच्या उडवीवर, पाऊल गेलं जवळा सुकवायला, ‘पेणचा’ गेला सरूच्या न्हाणीघराला. छापील बाजू सगळ्यांनी वर ठेवली, कारण तिच्यावरून पाणी लवकर ओघळतं.

हे सगळं निकेशच्या नजरेला पडलं तर तो आल्या पावली परत फिरेल, आणि मग पुन्हा येणार नाही. पुतळीला याची पक्की खात्री होती.

हमिदाच्या अंगणात गाडं अडलं. तिच्या खुराड्यावर निकेशचा खांदा होता. फ्लेक्सची घडी काखेपाशी आत दुमडून तिथे छान खळगा झाला होता, आणि त्यात एक तांबडी कोंबडी फुगून बसली होती.

“हात नको लावू,” हमिदा धावत आली. “खुडूक बसलीय. आता उठवलीस तर अंडी गेली समज.”

“हमिदा, पोर येतंय माझं. त्याच्या काखेत कोंबडी बघून काय वाटेल त्याला?”

“काय वाटायचंय? दुबईहून माझा जुहेब आला तेव्हा त्याच्या कपाटात मी कांदे भरले होते. तो काय परत गेला?”

शेवटी तडजोड झाली. कोंबडीला न हलवता वरून निळा तुकडा टाकायचा. कोंबडीने पुतळीच्या मनगटावर एक टोच मारली आणि तडजोड मान्य केली. दिपिका फोन वर धरून उभी होती.

“फोटो काय काढतेस? हे काय लगीन हाय?”

“आते, तू एकदा ऐकून घे ना माझं...”

“चल, आधी तोंड शोधू.”

कारण तोंडच सापडत नव्हतं. हात, पाय, अक्षरं, सगळं गाठोड्यात आलं; तोंडाचा पत्ता नव्हता. पुतळीने दारोदार विचारलं. ‘तोंड नाय बाय आमच्याकडं,’ असं जो तो म्हणे, जणू ती उसने तांदूळ मागायला आली होती. गुणाजीला तेवढं आठवत होतं.

“आमी गेलो तवा मधी भोकच होतं. ज्यानं नेलं त्यानं सगळ्यांच्या आधी नेलं.”

दत्तात्रेयाला विचारण्यात अर्थ नव्हता. निकेशचा विषय निघाला की तो चहा अर्धा टाकून उठायचा. बापलेकांचं फोनवरचं बोलणं ‘जेवलास काय’ आणि ‘व्हय’ यापलीकडे गेलं नव्हतं. भावाला पोराची लाज वाटते, असं पुतळीने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल त्याच्यावर एक जुना, मुरलेला रागही. याच दत्ताने त्या पोराला मिठागराच्या रिकाम्या कोंडीत, मीठ पिकवायच्या वाफ्यात, उतरवून पहिल्यांदा रेघ आखून दिली होती. बापाच्या हाताखालून निसटून पोर रेघेवर पडलं की दोघं चिखलाने माखून घरी यायचे आणि दोघांना न्हाऊ घालायचं काम तिचं. तिला सगळं आठवत होतं. दत्ता कसा विसरला?

दुपारी मोटरसायकल दारात थांबली. निकेश थोडा सुटला होता. पोट कंपनीच्या टीशर्टातून पुढे आलं होतं. हेल्मेट काढून तो तसाच उभा राहिला आणि समोरच्या गोठ्याकडे बघत म्हणाला,

“आते, वाघ कुठं गेला?”

पुतळीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “कुठला वाघ?”

“म्हशीवरचा. आणि कोंबडी? कोंबडी बसलीय ना अजून? मी तिलाच बघायला आलोय.”

दिपिका तोंडात ओढणी कोंबून दाराआड वाकली होती.

“ही पाठवते ना फोटो,” निकेश म्हणाला. “नोकरीच्या सुरवातीला शिफ्ट संपली की मी खोलीचं दार लावून बसायचो. कोणाशी बोलायचो नाय. एक दिवस हिनं म्हशीचा फोटो पाठवला. वर ‘वाघ’, खाली ती रवंथ करतेय. एकटाच बसून एवढा हसलो, शेजारचा दार वाजवायला आला.” तो ओट्यावर बसला. “आता कंपनीत सगळे विचारतात, आज तुझी मांडी कुठं हाय? काल काखेत कोंबडी आली, तसा साहेबाला फोटो दाखवूनच सुट्टी घेतली.”

पुतळी त्याच्या शेजारी बसली. तिने आधी दिपिकाकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटावरच्या चोचीच्या खुणेकडे.

“सकाळधरनं मी शिडीवर, आणि तू गो भवाने...”

“मी सांगतच व्हते! तू बोलू देशील तर ना!”

मग तिलाही हसू आवरेना. खाटेखालचं गाठोडं तिने ओढून बाहेर काढलं. निकेशने आपले तुकडे एकेक करून अंगणात मांडले. कोंबडीखालचा खांदा सोडून सगळे जागेवर आले. मधे भोक राहिलं.

“तोंडाचा फोटो दिपूनं कधी पाठवला नाय,” तो म्हणाला.

“मिळालंच नाय कुणाला.”

दत्तात्रेयाचा डबा द्यायचा होता. एरवी दिपिका नेऊन बांधावर ठेवून यायची. आज निकेशने तो उचलला, आणि पुतळीही गुडघ्यांना न विचारता त्याच्या मागे चालू लागली. उन्हात कोंड्या आरशासारख्या लखलखत होत्या. दत्तात्रेय लाकडी फावड्याने मीठ ओढत होता. बांधावरचा माणूस ओळखू आला तसं त्याचं फावडं थांबलं.

“आयलास?”

“व्हय.”

“जेवलास काय?”

“नाय. तुमच्याबरोबर.”

दत्तात्रेयाने बांधापलीकडच्या आपल्या खोपीकडे पाहिलं, मग निकेशकडे. “इथंच बसू, बांधावर. वारा बरा हाय.”

“उन्हात?” पुतळी म्हणाली आणि वाकून खोपीत शिरली.

आत अंधार होता. डोळे सरावायला वेळ लागला. एक चटई, उशाला घडी केलेलं घोंगडं, पाण्याचं मडकं. मग तिने वर पाहिलं. छपराला आतून, कुडापासून कुडापर्यंत ताणून, निकेशचं तोंड बसवलेलं होतं. छापील बाजू खाली. बरोबर चटईच्या वर.

निकेश तिच्या मागोमाग आत आला. डबा खाली ठेवून तो बापाच्या चटईवर उताणा झाला, आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. दत्तात्रेय दारात उभा राहून हातावरचं मीठ झटकत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“बाबा, नाकाला भोक पडलंय.”

“उंदरानं कुरतडलं.”

“पावसात गळत असेल.”

“गळतं ना. नेमकं कपाळावर.”

“मग चटई सरकवायची तिकडं.”

दत्तात्रेयाने चटईकडे पाहिलं. “जागा बरी हाय,” तो म्हणाला.

पुतळीने डबा उघडला. भाकरी मोडताना तिने भावाच्या पानात जवळ्याची चटणी दोनदा वाढली. त्याने हात आडवा धरला तरी वाढली.

जेवणं आटोपली. चूळ भरता भरता दत्तात्रेय म्हणाला, “सांजच्याला रोहेकरांशी मॅच हाय. आपला एक गडी कमी हाय.”

“मी जाड झालोय, बाबा. चढाई नाय जमायची.”

“चढाईला कोण सांगतंय? कोपऱ्यात उभा राहा. पकडायला जड गडीच लागतो.”

निकेश हसला. हसताना तो छपरावरच्या तोंडासारखा मुळीच दिसत नव्हता.

ऊन उतरलं तसे मैदानावर दिवे लागले आणि कर्णा खरखरू लागला. दिपिका केव्हाच तिकडे पळाली होती. पुतळीने ‘वाघ’ काखेत मारला आणि गुणाजीच्या दारात नेऊन ठेवला.

“हा घे तुझा.”

“मग ती निळी काढू?”

“राहू दे. हा तिच्यावर घाल. रात्रीचं दव पडतं.”

गुणाजीने शिडी लावली. मैदानाकडून आरोळी उठली. कुणीतरी पकडलं गेलं होतं. पुतळी त्या बाजूला निघालीही होती. इतक्यात गुणाजीने वरून विचारलं,

“पुतळीबाय, कुठली बाजू वर?”

ती थांबली. पदर खोचून परत आली, आणि शिडी धरली.

“अक्षरं वर,” ती म्हणाली. “रस्त्यावरनं दिसू देत.”