बाथरूममागची भिंत

साताऱ्याहून निघायच्या आधी मी लॅबमधल्या मॅडमकडे सोमवारची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, घरी बाथरूमला सिलिकॉन मारायचंय. त्या हसल्या आणि त्यांनी सही केली. आमचा कारखाना रंगांचा आणि चिकटवायच्या पदार्थांचा. मी तिथे क्वालिटीला आहे, त्यामुळे त्यांना ती थट्टा वाटली असावी.

पलूसला आमच्या घरी आईला आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिससाठी न्यावं लागतं. त्यासाठी शिरा जोडून हातात रक्ताची वाट करतात. आईच्या दोन्ही हातांतली वाट बुजली होती. आता मानेत नळी होती आणि त्या नळीला दोनदा जंतू लागून झाले होते. तिसऱ्यांदा लागले तर मानेत जागा उरणार नाही, असं डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, अण्णांना, स्पष्ट सांगितलं होतं. उरलेला मार्ग पोटातल्या डायलिसिसचा. पोटात एक मऊ नळी बसवतात. मग घरीच दिवसातून चार वेळा पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. पण हे ज्या खोलीत करायचं ती बंद, स्वच्छ आणि कोरडी हवी. खोली बघून हॉस्पिटलची सिस्टर सही करते, त्यानंतरच ऑपरेशन.

साक्षी सिस्टर बुधवारी येऊन गेल्या होत्या. पुढची खोली रस्त्यावर उघडते, स्वयंपाकघराला दारच नाही. राहिली आतली खोली. ती त्यांना आवडली. मग त्यांनी पलंग पुढे ओढायला सांगितला. मागच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओल होती आणि ओलीवर काळे ठिपके. सिस्टर म्हणाल्या, ही बुरशी आहे, ती पोटात गेली तर नळी काढावी लागते आणि पुष्कळदा पेशंट वाचत नाही. सोमवारी अकराला परत येते, तोवर काहीतरी करा.

ती भिंत बाथरूमची होती. बाथरूम अण्णांनी पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते, हाताला सगळी कामं येतात. फक्त फरशी आणि भिंत जिथे भेटतात तिथे त्यांनी पांढरं सिमेंट भरलं होतं. पांढरं सिमेंट ताठ असतं. फरशी केसभर हलली की त्याला चीर जाते.

शनिवारी सकाळी मी आधी खात्री करून घेतली. कपड्यांची नीळ पाण्यात कालवली, नळ बंद ठेवला आणि ते पाणी फक्त कोपऱ्याच्या सांध्यावर हळूहळू ओतलं. मग पलंगामागे भिंतीसमोर बसून राहिले. सव्वा तासाने जमिनीलगत करंगळीएवढा निळा डाग आला. अण्णा शेजारी उकिडवे बसले होते. डाग दिसल्यावर ते उठून बाहेर गेले.

सिलिकॉन म्हणजे काय हे मला माहीत होतं. त्याच्या रेणूंची साखळी, त्यातून सुटणारं व्हिनेगारच्या वासाचं आम्ल, सगळं परीक्षेत लिहिलेलं होतं. ते दाबून बाहेर काढायची गन मात्र कधी हातात धरली नव्हती. तरी क्रम मी कागदावर मांडला होता. जुनं सिमेंट पटाशीने खरवडून काढलं. फट झाडली, फडक्याने पुसली, टेबलफॅन लावून चार तास वाळवली आणि स्पिरिटने पुन्हा पुसली. फटीच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर अंतर सोडून कागदी टेप लावली. सिलिकॉनच्या नळीचं टोक तिरकं कापलं.

पहिली फूटभर रेघ वाईट आली. हात थांबला की गोळा, घाई केली की खड्डा. मग लक्षात आलं की गन दाबण्याचा वेग आणि हात सरकवण्याचा वेग एकमेकांशी बांधलेले असायला हवेत, आणि श्वास सोडताना ओढलं की हात थरथरत नाही. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून मी ती रेघ एकाच ओढीत दाबून घेतली. सिलिकॉन ओलं असतानाच टेप सोलली. खाली दुधाच्या सायीसारखी गुळगुळीत, आतल्या बाजूला किंचित वळलेली पट्टी उरली. आई दारात भिंतीला धरून उभी होती. तिला वासाने ठसका लागला, पण ती हलली नाही. म्हणाली, "शिवणीगत आलंय बघ."

हे पाण्याला अडवणारं सिलिकॉन हवेतलं पाणी घेऊनच घट्ट होतं. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. फेब्रुवारीची हवा कोरडी, म्हणून मी बाथरूममध्ये ओली चादर टांगली. दाराच्या कडीला सुतळी बांधली. अंगणात ड्रम भरून ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, उद्या दुपारपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. सगळ्यांना म्हणजे आईला आणि अण्णांना.

आईच्या मानेतल्या नळीला दुसऱ्यांदा जंतू लागले तेव्हापासून आमच्या पुढच्या दारावर अण्णांनी खडूने लिहून ठेवलं होतं: हातपाय साबणाने धुतल्याशिवाय पेशंटकडे जाऊ नये. आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांना आमच्याकडे अडवता येत नाही, पण पाय धुवायला सांगता येतं. आतल्या खोलीत जायच्या आधी बाथरूममध्ये शिरायचं, हे भावकीतल्या, गल्लीतल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलं होतं. मी फटीची रुंदी तीन ठिकाणी मोजली होती. दारावरचं ते वाक्य पुसायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास अण्णा दुकानाकडे गेले होते. मी स्वयंपाकघरात क्षार कमी व्हावेत म्हणून आईची भाजी दोनदा उकळून पाणी काढून टाकत होते. तेवढ्यात बिरदेवमामा आले. आमच्या शेजारच्या शेताचे, मेंढरं राखणारे. आईला ते बहीण मानतात. आत कुणी बोललं नाही म्हणून त्यांनी खडूचं वाक्य वाचलं, चपला काढल्या, सवयीने बाथरूमकडे गेले. सुतळी सोडली. पाण्याचा आवाज आला तेव्हा मी धावले.

ते एक पाय उचलून उभे होते आणि दुसऱ्या पायाची टाच कोपऱ्याला घासत होते. शेतातली काळी माती टाचेच्या भेगांत बसलेली असते, ती अशीच निघते. माझी पट्टी हातभर उखडून त्यांच्या पायाखाली रबरासारखी गुंडाळली गेली होती. बादली अर्धी रिकामी होती.

"आलोच गं," ते म्हणाले. "लय साबण लावलाय, बघ. आक्काला काय बी लागायचं न्हाई माझ्यापास्नं."

माझं तोंड बघून त्यांना काहीतरी चुकलंय एवढं कळलं. ते पाय उचलून उंबऱ्यावर आले आणि ओल्या पायांनी तिथेच थांबले. आत जाऊ की नको, हे त्यांना उमगेना. शेवटी आईनेच आतून हाक मारून त्यांना बोलावलं, आणि आणलेलं शहाळं बघून म्हणाली की हे मला प्यायला दिलंस तर उद्या खांदा द्यायला ये. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. किडनी गेलेल्या माणसाला शहाळं चालत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी ते पिशवीत परत घातलं आणि पिशवी मांडीवर धरून बसले.

मी फाटकी पट्टी काढायला घेतली. कडेचं घट्ट झालेलं निघेना आणि मधलं कच्चं बोटांना चिकटत राहिलं. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, म्हणून कण न् कण ब्लेडने खरवडायचा. फटीत पाणी गेलं होतं. फॅन, मग केस वाळवायचं मशीन, मग स्पिरिट, मग पुन्हा फॅन. दुपारी दीडला मी सिलिकॉनच्या उरलेल्या नळीतून दुसऱ्यांदा रेघ ओढली. या वेळी हात जास्त सराईत होता. पट्टी पहिल्यापेक्षा सुबक आली. मी तिच्याकडे बघत फरशीवर बसले आणि तेव्हा मला जे शुक्रवारी घरी निघाल्यापासून माहीत होतं ते मी पहिल्यांदा स्वतःशी नीट उच्चारलं.

पट्टी कितीही सुबक आली तरी ती नवं पाणी अडवणार. पाच वर्षांचं पाणी भिंतीत होतं. प्लास्टर, त्यामागे वीट, दोन्हींनी ते पोटभर पिऊन ठेवलं होतं. भिंत वाळण्याचा वेग मला माहीत आहे. इंचभर जाडीला महिना म्हणतात. माझ्याकडे एकवीस तास होते. बसमध्ये मी हा हिशेब मनात सुरू करून अर्ध्यात सोडून दिला होता, कारण उत्तर दिसत होतं.

अण्णा परतले तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. ओलीवर मारायचा पांढरा रंग. एक ब्रश आणि खरवडायची एक पत्र्याची पटाशीही. बाथरूममध्ये काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं, बिरदेवमामांना एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला बाहेर ड्रमापाशी बोलावलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. काळं खरवडायचं, रंगाचे दोन हात द्यायचे, रात्रभर फॅन लावायचा. सिस्टर अकराला येणार, पाच मिनिटं बघणार, सही करणार. एकदा नळी पोटात बसली की मग भिंतीचं बघू सावकाश. मग त्यांनी विचारलं, "तू त्यातली हायेस. सांग, सोमवारपत्तूर धरंल का न्हाई?"

धरेल. तो कुठला रंग आहे, त्यात काय आहे, ते मी डब्यावर न वाचताही सांगू शकले असते. सोमवारी भिंत दुधासारखी दिसली असती. दोन-तीन आठवडे दिसली असती. मग आतलं पाणी रंगाला फोड आणणार, फोडाखाली अंधार आणि ओल, म्हणजे बुरशीला याहून चांगली जागा नाही. आणि त्या फोडापासून दोन हातांवर आई दिवसातून चार वेळा पोटाची नळी उघडणार.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले की मानेतली नळी गेली तर पोटापर्यंत जायचंच नाही, हे मला कळतंय का. मला कळत होतं. दोन्हीकडे काय आहे ते मी मोजू शकत होते, पण कुठलं आधी येईल ते नाही. मी म्हटलं, भिंत लवकर वाळवायचा एकच मार्ग आहे, खोलीकडचं प्लास्टर कमरेपर्यंत पूर्ण फोडून वीट उघडी करायची. मग रात्रंदिवस फॅन लावला तर तीन आठवड्यांत कदाचित. पण फोडलेली भिंत बघून सिस्टर उद्या सही करणार नाहीत.

"म्हंजे उद्याचं गेलं," ते म्हणाले.

"हो."

ते डब्यावर बसले. या माणसाने बॉयलरच्या तोंडापाशी तीस वर्षं काढली. त्यांचे हात मी कधी असे रिकामे लोंबताना पाहिले नव्हते. म्हणाले, "ती फट मीच भरली व्हती."

आमचं बोलणं आईला ऐकू गेलं होतं. ती बिरदेवमामांच्या हाताला धरून दारापर्यंत आली. तिने आधी मला विचारलं, रंग मारला तर खालचं वाळतं का. मी नाही म्हटलं. मग विचारलं, फोडलं तर नक्की वाळेल का. मी म्हटलं, वाळेल, पण तोवर मानेतली नळी टिकेल का ते सांगता येत नाही.

तिने अण्णांकडे बघितलं. "आवं, पोटात बुरशी घेऊन मरायचं आसंल तर घरात मरीन. मानेचं झालं तर सांगलीत मरीन. एवढाच फरक हाय नव्हं?" मग म्हणाली, "न्हाई मरायचं मला. फोडा."

मी साक्षी सिस्टरना फोन लावला. उद्या येऊ नका म्हणून सांगितलं आणि का ते सांगितलं, निळीच्या पाण्यापासून. त्या म्हणाल्या की तीन आठवड्यांनी येतील, मात्र तोवर मानेतली नळी टिकेल याची खात्री देऊ शकत नाहीत, ताप आला तर तासही न थांबता आणा. मी कागदावर ताप, थंडी, मानेला लाली असं लिहून घेतलं, जणू ते मला माहीत नव्हतं.

बिरदेवमामांनी पलंग उचलून पुढच्या खोलीत आणला. धूळ जाऊ नये म्हणून मधल्या दाराला ओलं कापड लावलं. आई पलंगावर तोंडाला पदर धरून बसली. आत अण्णांनी छिन्नी लावली. पहिला पोपडा पडला तो जड आवाजाने, ओल्या मातीसारखा.

आईने कापडापलीकडे ओरडून विचारलं, "किती आत हाय वो ओल?"

छिन्नी थांबली. अण्णा विटेला हात लावून बघत असावेत.

"हाय," ते म्हणाले. "आजून हाय."

आणि पुन्हा ठोकू लागले.