कापशीचे कान

मार्गशीर्षातलं ऊन पन्हाळ्यावर उतरतं ते घाई न करता. सकाळभर धुक्यात भिजलेला डोंगर दुपार कलताना कोरडा होतो, कोवळा होतो, केशरी होतो. कौलांवर सोनं, गवतावर सोनं, पेरूच्या गुळगुळीत खोडावर सोनं. आणि उतारावरच्या चौगुल्यांच्या परसात त्या सोन्याला वाटेकरी पाच. पाच मांजरं.

साडेचारला मागचं दार उघडतं आणि ती बाहेर पडतात. धावत नाहीत. आपल्यासाठीच ही संध्याकाळ राखून ठेवली आहे, याची खात्री असलेल्यांना धावायची गरज काय?

सर्वांत पुढे सुभेदार. नारिंगी, भरदार, एका कानाचा शेंडा तरुणपणीच्या कुठल्याशा लढाईत ठेवून आलेला. त्याच्या मागे शुभ्रवसना, नीलनयना कापशी, त्याच्या उभ्या शेपटीवर नजर लावून. मग काळीकुळकुळीत मिरी. आणि सर्वांत शेवटी कवडी आणि पेढा ही भावंडं, उंबरा ओलांडायच्या आतच एकमेकांच्या अंगावर कोसळणारी.

या लवाजम्यावर पहारा दोघींचा. थोरल्या जाऊबाई रत्नाक्का वरच्या पायरीवर बसतात, धाकटी विजयमाला खाली पेरूजवळ. दोघींचे नवरे गेले, मुलं पोटापाण्याला पुण्याकडे गेली, आणि घर मांजरांनी भरलं. शेजारपाजारचे हसतात. मांजरांना कोणी गुरांसारखं राखतं का, म्हणतात. हसोत बापडे. त्यांनी मिरीला गवताच्या पात्याशी कुजबुजताना पाहिलेलं नाही, पेढ्याला स्वतःच्याच सावलीवर झेप घेऊन फसताना पाहिलेलं नाही. मला विचाराल तर त्या दोघींइतकी श्रीमंत संध्याकाळ साऱ्या गडावर कोणाची नव्हती.

पण राखण हौसेची नव्हती. परसाच्या खालच्या कडेला छातीएवढा दगडी गडगा, गडग्यापलीकडे पायवाट, आणि पायवाटेपलीकडे दरी. करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली, निळसर, खोल. त्या दरीतून अंधाराबरोबर बिबट्या वर येई. दिवाळीनंतर त्याने वस्तीवरची दोन कुत्री आणि एक शेरडू नेलं होतं. म्हणून नियम एकच होता, आणि तो अक्कांनी कधी मोडू दिला नव्हता: दिवेलागणीच्या आत पाचही शेपट्या घरात.

सूर्य समोरच्या डोंगराला टेकला की अक्का पितळेच्या ताटलीवर उलथन्याने ठोका देत. टण्ण! गवत हले, पानं हलत, आणि इथून तिथून शेपट्या उभ्या राहत. सुभेदार गंभीरपणे वर चालू लागे आणि त्याच्या पाठोपाठ कापशी. रोज. न चुकता. दुसरा ठोका पडायच्या आत ती पायरीशी हजर.

“कान बघा कापशीचे, कान!” अक्का इतरांना सुनावत. “शिका जरा तिच्याकडनं.”

दिवसा मात्र त्याच कापशीवर त्या कावत. नावाने हाक मारली तर ती मान वळवत नसे. दुधाचं भांडं वाजलं तरी खिडकीतून हलत नसे. “संस्थानिकाची लेक जणू! माजलीया नुसती,” अक्का म्हणत, आणि विजयमाला हसे. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दिवसा गर्विष्ठ आणि सांजेला आज्ञाधारक, अशी ही एक मांजर दोघींना कोडं वाटली नाही. मांजर म्हटलं की एवढं चालायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी सुभेदार घरात होता. पंजात रुतलेला काटा पिकला होता, सकाळी डॉक्टरांनी पट्टी बांधली होती आणि चार दिवस त्याला मातीत सोडू नका म्हणून बजावलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून तो आपल्या मुलखाकडे पाहत होता.

बाहेर सारं नेहमीसारखं होतं, नेहमीहून सुंदर होतं. हवेत सुकल्या गवताचा गोड वास होता. कवडी आणि पेढा एका वाळक्या पानावरून भांडत होती. मिरी सावलीत शिरली की सावलीच होई आणि उन्हात आली की तिच्या काळ्या अंगावर तांबूस झाक उमटे. कापशी हळूहळू खाली गेली, गडग्याच्या कोपऱ्यावर चढली आणि दरीकडे तोंड करून बसली. दोन्ही बाजूंना निवडुंगाची दाटी, मधे ती एकटी, पांढरी, निश्चल. एवढं देखणं बसणं माणसाला जन्मभर साधत नाही.

सूर्य टेकला. टण्ण!

मिरी आली. कवडी आली, तिच्या पाठीवरून पेढा आला. विजयमालेने तिघांना आत ढकललं. कापशी आली नाही.

टण्ण! टण्ण! अक्कांचा चेहरा उतरला. आज काय झालं हिला? त्या ताटली घेऊन, गुडघे सांभाळत, पायऱ्या उतरून खाली आल्या. दहा पावलांवरून वाजवली. पाच पावलांवरून वाजवली. पेरूवरचे कावळे कलकलाट करत उडाले. खिडकीत सुभेदार उठून उभा राहिला. दरीने तो आवाज घेतला आणि परत दिला.

कापशीचा कान हलला नाही.

जरासुद्धा हलला नाही. तो गुलाबी, पातळ, मावळतीच्या उजेडात आरपार दिसणारा कान पाकळीसारखा उभा होता, आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

“अक्का,” विजयमाला हळूच म्हणाली, “तिला ऐकू येत न्हाई.”

“खुळी का काय तू? रोज येतीया की ताटलीला.”

“ताटलीला न्हाई येत. सुभेदाराच्या मागनं येती. आज त्यो न्हाई, तर ही पण न्हाई.”

अक्कांच्या हातातली ताटली खाली आली. दोन वर्षांच्या सगळ्या हाका एकदम त्यांच्या ध्यानात आल्या, आणि त्या हाकांमागच्या शिव्याही. त्यांना लाज वाटली. पण लाजायलासुद्धा वेळ नव्हता, कारण दरीतला निळा रंग काळा होत चालला होता आणि खालच्या रानात बिबट्याची चाहूल लागावी तसं एक भेकर भुंकू लागलं होतं.

विजयमाला कापशीला उचलायला पुढे झाली. अक्कांनी तिचा दंड धरला.

“मागनं हात लावू नगंस! दचकंल आन् खाली उडी टाकंल.”

“मग काय करायचं?”

“तिला मी दिसायला पायजे. बाहेरनं जातो.”

“अक्का, बाहेरनं? आत्ता?”

“तू हितंच उभी ऱ्हा. हलू नगंस.”

ज्या पायवाटेवर सांजेला कोणी पाऊल टाकायचं नाही असं अक्कांनीच घालून दिलं होतं, त्या पायवाटेवर अक्का गेल्या. खालचं फाटक कुरकुरलं. एका हाताने गडग्याचा दगड, दुसऱ्या हाताने लुगड्याचा घोळ, आणि पाठीशी सारी दरी. त्या भीत होत्या. पाचोळा वाजला की थांबत होत्या. तरी त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि या एका गोष्टीसाठी मला त्या बाईला नमस्कार करावासा वाटतो.

त्या कापशीच्या समोर आल्या. चार हात अंतरावर उभ्या राहिल्या. हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, दिसत राहिल्या.

दोन निळे डोळे दरीवरून वळले आणि त्यांच्यावर येऊन थांबले. किती वेळ ते कोण सांगणार? मग कापशीने पापण्या सावकाश मिटल्या, सावकाश उघडल्या. उठली. अंग ताणलं. अक्का गडग्याला येऊन टेकल्या, तशी तिने एक पाऊल त्यांच्या खांद्यावर टाकलं, मग दुसरं, मग सगळी शुभ्र, ऊबदार काया त्यांच्या कवेत आली.

अक्का परत फिरल्या. तोंड चालू होतं. “दोन वर्सं बोल लावला गं तुला. माजलीस म्हणलो. मलाच कळलं न्हाई बाई, मलाच कळलं न्हाई.” तिला ऐकू येत नाही हे ठाऊक असून त्या बोलत होत्या, कारण गप्प राहून ती वाट त्यांना चालवली नसती.

कापशीने मान लांबवली. आधी गार नाक, मग गाल, मग सारं मस्तक तिने अक्कांच्या गळ्याला टेकवलं. तिथे, जिथे शब्द ओठांवर येण्याआधी थरथरतो. धापेने अक्का थांबल्या, तशी तिने डोकं उचलून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अक्का बोलल्या, तिने पुन्हा टेकवलं. अक्का गप्प झाल्या, तिने पुन्हा पाहिलं.

तेव्हा अक्कांना कळलं, ती त्यांच्या गळ्यातली थरथर ऐकत होती.

फाटक लागलं, पायऱ्या सरल्या, विजयमालेने दार ओढून कडी घातली. आत दिवा होता, ऊब होती, पाचही जिवांना आता कसलं भय नव्हतं. आणि अक्का उभ्याच होत्या, तिला गळ्याशी धरून. बोलत होत्या, हळूहळू, काहीबाही, तिचं नाव, पुन्हा तिचं नाव, पुन्हा तिचंच नाव.