आतून मारलेली हाक

मी धोंडुबाईच्या यकृतातली एक पेशी बोलतेय. उजव्या बरगडीखाली आम्हा बहिणींच्या लांबच लांब रांगा आहेत, त्यातल्या एका रांगेत मी असते. शेजारची एक पेशी म्हातारी होऊन गळाली, तिची जागा भरायला माझी आई दुभंगली आणि मी जन्मले. त्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल.

जन्मल्या दिवसापासून मी कामाला लागले. धोंडुबाई जे खाते-पिते, ते आतड्यातून रक्तात मिसळतं आणि आधी आमच्याकडे येतं. साखर साठवायची, पित्त तयार करायचं, औषध असो की विष, ते मोडून बाहेर घालवायचं. एवढं करूनही आमची आठवण कुणाला येत नाही. कारण आम्हाला दुखत नाही. आम्ही फुटलो, मेलो, तरी तिला कळ लागत नाही.

धोंडुबाई कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची, एकसष्ट वर्षांची. नवरा लवकर गेला. दोन म्हशींच्या दुधावर तिनं मुलाला, विजयसिंहला शिकवलं. आता तो कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. सून स्नेहल राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती सासूला आत्या म्हणते. आणि धोंडुबाईचा एक धाकटा भाऊ, सयाजी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. धोंडुबाईनंच त्याला कडेवर वाढवला.

धोंडुबाईचे गुडघे दुखायला लागले. धार काढायला खाली बसली की उठताना खांब धरावा लागे. सयाजीला ते बघवलं नाही. बाजारात एका माणसाकडून त्यानं गुडघ्याची पुडी आणली. निव्वळ झाडपाला आहे, मी स्वतः घेतो, गावात वीसेक जणांना दिलीय, असं त्यानं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ दुधातून एकेक पुडी. पंधरा दिवसांत धोंडुबाई खांब न धरता उठायला लागली.

वर गुडघे हसत होते, तेव्हा खाली आमची काय दशा होती ते ऐका.

त्या पुडीत झाडपाल्याबरोबर आणखी काहीतरी कुटून घातलेलं होतं. मी ते मोडायला घेतलं, तर मोडल्यावर त्याचं जे झालं ते मूळच्याहून जहाल निघालं. दीड महिन्यानं माझ्या उजव्या हाताची शेजारीण फुटली. तिच्या पोटातलं सगळं रक्तात सांडलं. जे पेशीच्या आत असायला हवं ते बाहेर दिसलं, म्हणजे घात झाला, ही आमच्यातली खूण. रक्तवाटेच्या कडेला आमच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. त्यांनी ती खूण ओळखली आणि हाक मारली. ही हाक तोंडानं मारायची नसते. बारीक बारीक रेणू रक्तात सोडायचे, ते जिथे पोचतील तिथे निरोप पोचतो.

निरोप दूरवर गेला. रक्तातून पांढऱ्या पेशी धावत आल्या. त्यांनी मेलेल्यांना उचललं, जागा साफ केली. तोच निरोप माझ्यापर्यंतही आला. त्याचा अर्थ होता, तयार राहा, तुला दुभंगून जागा भरायचीय. माणसं ज्याला सूज म्हणतात ती हीच धावपळ. ती मुळात भल्यासाठी असते. घाव एकदाच बसला असता तर चार दिवसांत सगळं निवळलं असतं.

पण संध्याकाळी पुन्हा पुडी आली. सकाळी पुन्हा. हाक थांबेना. मदतीला आलेल्या पेशी इतक्या झाल्या, की त्या चांगल्या-वाईटात फरक करीनात. माझ्या डाव्या हाताची शेजारीण धडधाकट होती, तीही त्यांच्या तडाख्यात गेली. ती गेल्यावर मीही हाक मारली. मारू नको तर काय करू? आणि माझ्या हाकेनं आणखी पांढऱ्या पेशी आल्या.

एका रविवारी दुपारी धोंडुबाई सुईत दोरा ओवायला उजेडात बसली आणि स्नेहलनं तिचे डोळे पाहिले. पिवळे होते. स्नेहलनं तिथेच रक्त काढून नेलं. आम्ही फुटलो की जे रक्तात सांडतं, तेच लॅबमध्ये मोजतात. चाळीसच्या आत हवं ते अकराशेवर गेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर भैरवी मॅडमनी धोंडुबाईला विचारलं, काही औषधं, काढे, पुड्या घेता का? ती म्हणाली, "बीपीची गोळी तेवढी. बाकी काय न्हाय."

आम्ही आत जीव तोडून हाका मारत होतो, आणि जिला तोंड होतं ती गप्प बसली.

का गप्प बसली? भावाचं नाव येईल म्हणून. मॅडम त्याला बोलतील, विजयसिंह त्याच्या अंगावर जाईल. शिवाय तिला मनापासून वाटत होतं की पुडीचा काही दोष नाही. पदराच्या गाठीत बांधून तिनं पुड्या दवाखान्यातही आणल्या होत्या आणि चोरून घेत होती.

काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं सुनेच्या हातच्या जेवणावर बोट ठेवलं. विजयसिंहनं बायकोला विचारलं, तेल कुठलं वापरतेस? स्नेहल बाहेर जाऊन बसली. धोंडुबाईनं हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री तिचं काळीज किती धडधडलं ते रक्ताच्या धक्क्यांवरून मला कळत होतं.

पोट पाण्यानं फुगलं. स्नेहलला ती भलत्याच नावानं हाक मारू लागली. रक्तातलं विष आमच्याकडून गाळून होत नव्हतं, ते मेंदूपर्यंत चाललं होतं. आमच्या रांगेत दर तीन जणींमागे एक मेली होती.

पाचव्या दिवशी सयाजी आला. बहिणीला बघून त्याचे डोळे भरले. तिच्या हातात त्यानं पुड्यांचा जुडगा दिला आणि हळूच म्हणाला, "अशक्तपना लई आलाय आक्का. आता दोन-दोन घे."

दारात स्नेहल उभी होती. धोंडुबाईनं मूठ मिटली. तिनं एकदा भावाकडे बघितलं. मग मूठ सुनेपुढे उघडली.

"ही घे, पोरी. दोन म्हैनं मी ह्येच खातोय. तुझ्या जेवणाचा काय बी दोष न्हाय."

सयाजी कॉटच्या कडेला टेकला. "आक्का, मी बी ह्येच खातोय की. चार वर्सं झाली."

पुड्या बंद झाल्या. पोटातल्या पाण्यावर, मेंदूकडे चाललेल्या विषावर औषधं सुरू झाली. आमची हाक ओसरायला मात्र तीन आठवडे लागले. पांढऱ्या पेशी परतल्या आणि मी दुभंगले. आता माझ्या शेजारी माझीच लेक आहे. पण सगळ्या जागा तशा भरल्या नाहीत. हाका फार दिवस चालल्या की आमच्यातल्या काही पेशी घाईघाईनं चिवट धागे विणून भगदाड बुजवतात. तो व्रण काम करत नाही, आणि रक्ताला नीट वाटही देत नाही. धोंडुबाई घरी आली, खांब धरून उठते, म्हशीची धार आता विजयसिंह काढतो.

सयाजीचं रक्त स्नेहलनंच काढलं. त्याच्या यकृतात व्रणच जास्त उरलाय, असं पुढच्या तपासात निघालं. तिथल्या पेशींनी चार वर्षं हाका मारल्या असतील. त्याला एकदाही ऐकू आल्या नाहीत. आता तो ज्यांना ज्यांना पुड्या दिल्या त्यांच्या घरी जातो, उरलेल्या परत मागतो. काहीजण देतात. काहीजण म्हणतात, आमचे गुडघे बरे झालेत, तू जा.

आम्ही अजून थोड्या सुजलेल्याच आहोत. पुन्हा घाव बसला तर निभावेल असं मी सांगू शकत नाही. माझं एवढंच मागणं आहे. आमची हाक रक्तातल्या रक्तात फिरते, ओठांपर्यंत येत नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, काय घेता, तर सगळं सांगा. ज्यानं दिलं तो कितीही जवळचा असला, तरी त्याचं नाव घ्या. नाव घेतल्यानं कदाचित तोही वाचेल.