जिवंत लस

दिगंबर चंदीगडजवळ डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात खरेदी खात्यात होता. त्याचं काम पिंपं आणि पुठ्ठ्याचे खोके विकत घ्यायचं, पण सोसायटीत आणि महाराष्ट्र मंडळात तो "आम्ही फार्मावाले" याच थाटात बोलायचा. त्याची बायको आसावरी विद्यापीठात भूगोल शिकवायची. तिला ल्युपस होता. शरीराची प्रतिकारशक्ती तिच्या स्वतःच्याच मूत्रपिंडांवर उलटली होती, आणि ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या तिला रोज घ्याव्या लागत.

डॉक्टरांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा दिगंबरने मोडता घातला. "तुझी इम्युनिटी आधीच झोपलेली, त्यात आणि लस टोचायची? मी फार्मात आहे, मला नको शिकवूस."

घरात कटकट नको म्हणून आसावरी गप्प बसली. जानेवारीच्या धुक्यात तिला फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि ऑक्सिजन लावावा लागला. दिगंबर भेटायला यायचा आणि नर्सना सलाइन किती वेगाने सोडावं ते समजावत बसायचा. आसावरी मास्कच्या आतून त्याच्याकडे बघत राहायची. राग कधीच ओसरला होता. उरली होती ती फक्त शिसारी.

सप्टेंबरात कंपनीने केनियाची सहल जाहीर केली, तीही जोडीने. तिथून परतताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला लागतो. दिगंबरची लशींबद्दलची सगळी मतं एका संध्याकाळीत बदलली.

"एक इंजेक्शन तर आहे. सगळं जग घेतं."

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्या सांगायच्याच नाहीत. साहेब बायकोला घेऊन येणार, मी एकटा कसा दिसेन?"

आसावरीने वाद घातला नाही. हा माणूस डॉक्टरांसमोर काय बोलतो ते तिला ऐकायचं होतं.

लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोई दवाई चल रही है?"

"कुछ नहीं जी, एकदम फिट," दिगंबर परस्पर म्हणाला.

"ल्युपस है," आसावरी शांतपणे म्हणाली. "मायकोफेनोलेट और स्टेरॉइड, दोनों चालू हैं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ही लस अशक्त केलेल्या पण जिवंत विषाणूची असते, त्यांनी सांगितलं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात तोच विषाणू जिवावर उठू शकतो. फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या इंजेक्शनांत जिवंत काही नसतं, ती तर आसावरीने घ्यायलाच हवीत. तिला ती घेऊ दिली गेली नाहीत हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "वो लगवाने से आपको किसने मना किया था?"

आसावरीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं डासांचं पोस्टर मन लावून वाचत होता.

गाडीत बसल्यावर त्याला कंठ फुटला. "परक्यासमोर माझी शोभा केलीस. मी तुझ्या भल्यासाठीच..."

"केनियासाठी," ती म्हणाली. "अहो, जी घ्यायची ती घेऊ दिली नाहीत, आणि जी घ्यायची नाही ती टोचायला घेऊन आलात. फार्मावाले म्हणे."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आपल्या डॉक्टरांकडे गेली आणि फ्लूची आणि न्यूमोनियाची, दोन्ही लशी घेऊन आली. दिगंबर एकटाच केनियाला गेला.

मंडळाच्या दिवाळी फराळाला तो मोहालीत नोकरी करणाऱ्या रुपेशला गाठून सांगत होता, "जिवंत लस हिला चालत नाही. लोकांना कळत नाही हो. मी वेळेवर अडवलं म्हणून बरं."

आसावरी शेजारीच होती. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "रुपेश, हिला कुठलंच औषध चालू नाही, असं यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. मी तोंड उघडलं म्हणून लस टळली."

"हिची थट्टा," दिगंबर हसला. त्याच्याबरोबर कोणीच हसलं नाही.

रुपेश जरा घुटमळला. "काकू, माझ्या आईला संधिवातावर अशाच गोळ्या चालू आहेत. तिच्यासाठी काय विचारू?"

दिगंबरने घसा खाकरला. पण तोवर रुपेशने खुर्ची आसावरीकडे वळवली होती.

"कुठलीही लस घेण्याआधी सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली, "आणि लस जिवंत आहे का, ते विचार."