त, थ, द, ध, न

“आता सगळ्यांनी मोठा आ करा,” धाकटी म्हणाली, आणि वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी माना खाली घालून पाटीवर आ काढला.

धाकटी हातातला छोटा आरसा घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या दवाखान्यात आ करा म्हटलं की माणसं तोंड उघडतात. पण हा वर्ग थोरलीचा होता, आणि तोही पहिलीचा. इथे आ म्हणजे अक्षर. कोणी मोठ्या माणसाने आ म्हटलं की खडू उचलायचा, एवढंच त्या पोरांना ठाऊक. काढून झाल्यावर सगळ्यांनी सवयीने पाट्या वर धरल्या. एकाचा काना तर पाटी सोडून चौकटीवर चढला होता.

या दोघी माझ्या मुली. थोरली शाळेत शिकवते आणि धाकटी दातांच्या दवाखान्यात दात साफ करते. ती डॉक्टर नाही. दात भरायचे, काढायचे ते डॉक्टर. दातांवरचं कीटण खरवडायचं, हिरड्या तपासायच्या आणि घासायचं कसं ते माणसाला न चिडता पुन्हा पुन्हा सांगायचं, हे हिचं काम. त्या दिवशी ती शाळेतल्या मुलांचे दात बघायला आली होती, आणि मला नमुना म्हणून बरोबर आणलं होतं. माझ्या तोंडात माझा असा एकही दात नाही. आहे ती कवळी.

मागच्या बाकावर थोरलीची मुलगी बसली होती. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. तिची शाळा नुकतीच संपली होती आणि नाव दोन ठिकाणी लागलं होतं. एक कॉलेज शिकवायला शिकवणारं, दुसरं मावशीचं काम शिकवणारं. शनिवारपर्यंत एकीकडे हो म्हणायचं होतं. आईची इच्छा काय ते विचारायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. थोरलीने आपला लाकडी अक्षरांचा डबा माळ्यावरून खाली काढला होता, एकेक अक्षर ओल्या फडक्याने पुसलं होतं, आणि कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्यात तो लेकीसाठी ठेवला होता. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. कपाट मात्र उघडंच ठेवायची.

धाकटीने मला पुढे बोलावलं. ठरल्याप्रमाणे मी कवळी काढून रुमालावर ठेवली. पोरं बाकांवरून अर्धी उठली. मग तिने मला ‘दात’ म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. दातांवाचून तो शब्द कुठे अडलाच नाही, नुसता वारा होऊन बाहेर आला आणि ‘हात’ असा ऐकू गेला. पहिल्या बाकावरच्या पोरीने लगेच हात वर केला.

थोरली हसली.

यात विशेष ते काय, असं कोणालाही वाटेल. पण ती हसताना तोंडावर हात धरते. कितीतरी वर्षं झाली, तिचं हसू आम्ही डोळ्यांतच पाहतो. शाळेत तर बाई कडक म्हणून तिचं नाव आहे. त्या वेळी मात्र तिच्या दोन्ही हातांत पोरांच्या पाट्या होत्या आणि हात वर नेता आला नाही. समोरचा एक दात पुढे कलला होता. हिरड्या लाल होऊन मागे सरल्या होत्या. भिंतीचा गिलावा पडला की विटा दिसाव्यात तशी दातांची मुळं दिसत होती. धाकटीने ते पाहिलं. भिंगरीने पाहिलं. आम्ही पाहिलं हे थोरलीने पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

धाकटी बाकाबाकाशी वाकून पोरांचे दात बघत गेली. आता ती ‘तोंड उघडा’ असं म्हणत होती.

मधल्या सुट्टीत थोरली नळावर पाट्या पुसायचं फडकं पिळत होती. मी कवळी धुवायला म्हणून तिथे गेलो होतो. धाकटी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि विचारलं, “ताई, कधीपासून हलतोय?”

कुठे काय हलतंय, तुला सगळीकडे दातच दिसतात, असं काहीसं थोरली म्हणाली. फडकं कोरडं झालं तरी ती पिळतच होती.

या दोघींमध्ये एक जुनी म्हण आडवी पडून होती. धाकटीने हे काम शिकायचं ठरवलं तेव्हा थोरली चारचौघांत म्हणाली होती, दात कोरून पोट भरत नाही. हशा पिकला होता. धाकटीही हसली होती, हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून. पण त्यानंतर तिने बहिणीला कधी ‘ये, तुझे दात बघते’ असं म्हटलं नाही, आणि बहिणीने ‘बघ’ म्हटलं नाही. अर्ध्या गावाची तोंडं तिच्या हाताखालून गेली. घरातलं एक तेवढं राहिलं.

“दाखवायचं होतंस,” धाकटी म्हणाली.

“दाखवलं असतं तर काढून टाक म्हणाली असतीस.”

“काढतात ते डॉक्टर. मी राखते.”

थोरलीने नळ बंद केला. मग ती जे बोलली ते तिने आजवर कोणाला सांगितलं नसावं, कारण आवाज वर्गातला नव्हता. “त, थ, द, ध, न. ही पाच अक्षरं दातांवर उभी आहेत. बाबांचं ऐकलंस ना आत्ता? उद्या मी द म्हणेन आणि पोरं ह काढतील.”

धाकटीने तिच्या हातातलं फडकं घेऊन वाळत घातलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर दवाखान्यात यायचं ठरलं. ठरलं म्हणजे धाकटीने सांगितलं आणि थोरलीने नाही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी भिंगरी माझ्या खाटेवर येऊन बसली. आजोबा, यातलं चांगलं काम कुठलं, असं तिने विचारलं. मी गोदामात ओझी वाहिलेला माणूस. मला दोन्ही कामं सावलीतली, म्हणून दोन्ही चांगलीच वाटतात. तसं मी सांगितलं. ते तिला पुरलं नाही.

ती काही दिवस आईच्या वर्गात आणि काही दिवस मावशीच्या दवाखान्यात बसून आली होती. मावशी संध्याकाळी हात धुते की काम संपलं, पिशवीत घरी काही येत नाही, असं ती म्हणाली. पण मावशीची मान वळत नाही, बोटं आखडतात. आणि ज्याचं कीटण काढावं तो सहा महिन्यांनी तेवढंच घेऊन परत येतो, वर शपथेवर सांगतो की रोज घासतो. मी म्हटलं, तुझ्या आईचे विद्यार्थीही सुट्टीनंतर तसेच येतात. त्यावर ती हसली. आईच्या पिशवीत मात्र वह्या घरी येतात आणि रात्री आवाज बसलेला असतो. पण रस्त्यात दाढीमिशा आलेले बाप्ये सायकलवरून उतरून विचारतात, बाई, ओळखलंत का. मावशीसाठी कोणी सायकलवरून उतरत नाही. तिला पाहिलं की लोक तोंड मिटून पलीकडच्या बाजूने जातात.

“म्हणजे आईचं बरं,” मी म्हटलं.

“आईचं काम दिसायला पंधरा वर्षं लागतात, आजोबा. मावशीचं अर्ध्या तासात दिसतं. मला तेवढा धीर नाही.” मग म्हणाली, “आणि वर्गात सगळी तोंडं एकदम उघडतात. मला एका वेळी एकच झेपेल.”

पोरगी स्वतःला ओळखून होती. या वयात तेवढं पुष्कळ झालं. मी म्हटलं, हेच आईला सांग. तर म्हणे, कशी सांगू? मी वाक्य बोलले की ती त्यातली चूक काढते, ती दुरुस्त करेपर्यंत मला काय म्हणायचं होतं तेच निसटतं. मधे न थांबवता ती ऐकून घेईल अशी वेळ सापडायला हवी.

अशी वेळ मला तरी कधी सापडली नव्हती. थोरली शिकवायला शिकत होती तेव्हा तिला सरावासाठी विद्यार्थी हवा होता आणि घरात अक्षरशत्रू मीच एकटा. केस पांढरे व्हायला लागलेल्या बापाला तिने पाटी घेऊन बसवलं. मी सारखा अ आणि आ यांत घोळ घालायचो. तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, अ पुढे काठी उभी करायची. काठी लावली की तोंड मिटत नाही. झाला आ.” मग ते मी कधी विसरलो नाही. तेव्हा तिचे दात पांढरे आणि घट्ट होते, आणि ती हात न धरता हसायची.

शुक्रवारी थोरली, भिंगरी आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी पाहून सांगितलं की पुढचा एक दात ठेवण्यासारखा राहिलेला नाही, तो आजच काढू. बाकीचे राहतील, पण नियमाने यावं लागेल. थोरलीने मान हलवली. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. आधी साफसफाई होणार होती. खुर्ची मागे झाली, वर दिवा लागला. धाकटीने तोंडावर पट्टी बांधली आणि वर्गात म्हटलं होतं त्याहून पुष्कळ हळू म्हणाली, “आ कर, ताई.”

थोरलीने डोळे मिटून आ केला. धाकटीने तिच्या दाढांमध्ये रबराचा एक छोटा तुकडा बसवला, जबडा दमू नये म्हणून. मला वाटलं, हा काना. आता तोंड मिटायचं नाही.

यंत्र सुरू झालं. धाकटी वाकून एकेका दाताभोवती जात होती. ज्या पोरीला लहानपणी एका जागी बसून जेवता येत नव्हतं, तिचा हात एवढा स्थिर कधी झाला, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती काम न थांबवता म्हणाली, “दात कोरून पोट भरत नाही हे खरं आहे, ताई. पण दात असले तर जेवता तरी येतं.”

थोरलीच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तो राग होता की हसू, ते तोंड उघडं असल्यामुळे कळलं नाही. तिचा हात सवयीने तोंडाकडे निघाला. धाकटीने तो कोपराने अलगद खाली केला.

भिंगरी भिंतीशी उभी होती. आईला उत्तर देता येत नाही हे तिनेही पाहिलं. ती दोन पावलं पुढे आली आणि पाठ केल्यासारखं, न अडखळता म्हणाली, “आई, मी मावशीचं कॉलेज घेतेय. तुझं काम मला कमी वाटत नाही. मला ते झेपणार नाही, म्हणून.”

धाकटीने यंत्र बंद केलं. तिलाही हे माहीत नव्हतं. तिने आधी भाचीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. थोरली आ करून तशीच पडून होती, आता डोळे उघडे ठेवून. दिव्याचा उजेड थेट चेहऱ्यावर होता, तरी तिने पापणी हलवली नाही. मला कपाटातला तो डबा आठवला.

धाकटीने रबराचा तुकडा काढला, खुर्ची वर केली आणि पाण्याचा पेला पुढे केला. थोरलीने चूळ भरली. पाणी लाल आलं. दुसऱ्यांदा भरली. तोंड पुसून झाल्यावर ती लेकीला म्हणाली, “समोरच्याला उत्तर देता येत नसेल तेव्हा महत्त्वाचं काही विचारू नये. तिथे जाशील तेव्हा हे पहिलं शिक.”

“विचारलं नाही, आई. सांगितलं.”

थोरलीने त्यावर विचार केला. वर्गात एखाद्या पोराने वेगळ्याच रीतीने गणित बरोबर सोडवलं की ती असाच विचार करत असणार.

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली.

डॉक्टर आले. दात काढायला फार वेळ लागला नाही. तो तसाही निघालाच होता. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. थोरली कापसाचा बोळा चावून बसली होती आणि भिंगरी तिच्या शेजारी, आपलाही दात काढल्यासारखी. बऱ्याच वेळाने धाकटी आली, बोळा काढून पाहिला, रक्त थांबलं म्हणाली आणि वर्गात आणला होता तोच छोटा आरसा बहिणीच्या हातात दिला.

थोरलीने आरशात ती फट पाहिली. ओठ अजून बधिर होता. तिचा हात वर आला, हनुवटीपाशी थांबला आणि परत मांडीवर गेला. मग ती आरशात बघत हळूच म्हणाली, “त. थ. द. ध. न.”

त बरा आला. द मात्र फटीतून सटकला. ह झाला नाही, पण द सुद्धा झाला नाही. तिने जीभ थोडी मागे घेतली, जरा वर टेकवली.

“द.”

धाकटी हातमोजे काढता काढता थांबली होती. तिने अक्षर म्हटलं की मागून म्हणायची माझी सवय जुनी.

“द,” मी म्हटलं.

थोरलीने आरसा खाली केला आणि माझ्याकडे वळली. तिची पाठ ताठ झाली.

“पुन्हा,” ती म्हणाली.