डॉक्टर म्हणले, चालतं

वाटूरच्या राधेश्यामचं गल्लीत एका गोष्टीसाठी नाव होतं. दिवेलागण झाली की तो हातातलं काम टाकून घरी यायचा आणि पाण्याचा तांब्या न् गोळी घेऊन बायकोपुढे उभा राहायचा. उषाबाईच्या हृदयाची झडप गेल्या उन्हाळ्यात बदलली होती. नव्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी ती गोळी तिला जन्मभर, रोज, ठरल्या वेळी घ्यायची होती. उषाबाईने गोळीचं नाव कधी विचारलं नाही. हात पुढे करायचा आणि नवरा देईल ते गिळायचं. शेजारच्या बायका हे ओट्यावरून बघत आणि आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत. उषाबाईला ते ऐकून बरं वाटे, आणि का वाटू नये?

पितृपक्ष लागला तशी घरात नवसाची गोष्ट निघाली. ऑपरेशन चालू होतं तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून राधेश्याम देवीला बोलला होता. माझी उषा वाचू दे, ती नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करील, पाणीसुद्धा आरतीनंतरच घेईल, औषधाला शिवणार नाही. नवस राधेश्यामचा, पोट उषाबाईचं! आपल्याकडे नवसाची ही मोठी सोय आहे. बोलणाऱ्याने बोलून मोकळं व्हावं, फेडायला घरातली बाई असतेच. राधेश्यामला स्वतःला उपवास सोसत नसे. दुपारचं जेवण लांबलं तरी त्याला पित्त होई आणि तो डोकं धरून बसे. त्याचं पित्त घरात सगळ्यांनी मानलं होतं. बायकोच्या झडपेला तशी सवलत द्यावी, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

सासू सोनूबाईंना लेकाचा नवस ऐकून भरून आलं. उषाबाई मनातून चरकली. देवीवरची तिची माया कमी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून घटाची माळ तीच रोज ओवायची. पण गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका, असं घरी सोडताना नर्सने तिला बजावलं होतं.

"अहो, एकदा डॉक्टरला इचारून घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "ते हो म्हणले तर मी करते."

राधेश्यामने विचारलंही. जालन्याला तपासणीला गेले तेव्हा उषाबाई रक्त तपासायला द्यायच्या रांगेत बसली होती आणि तो एकटाच डॉक्टरांच्या खोलीत जाऊन आला. बाहेर येऊन तिच्या शेजारी बाकड्यावर टेकला.

"डॉक्टर म्हणले, चालतं."

"अन् गोळ्यांचं?"

"समदं इचारलं बराबर. चालतं म्हणले."

तिने पुढे काही विचारलं नाही. ज्याच्या हातची गोळी डोळे झाकून घेतली, त्याच्या शब्दावर शंका काय घ्यायची! परतीच्या एसटीत तिला डुलकी लागली तेव्हा तिचं डोकं त्याच्याच खांद्यावर होतं.

घट बसले. आता संध्याकाळी तांब्या येई तो आरतीनंतर, आणि सोबत गोळी नसे. ऊन मी म्हणत होतं. उषाबाईची जीभ टाळ्याला चिकटायची, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नववीतली लेक राजनंदिनी एकदा दुपारीच पाणी घेऊन आली, तर सोनूबाईंनी तिला माघारी धाडलं. गल्लीतल्या बायका उषाबाईच्या पाया पडून जात. चक्कर येते असं तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की देवी सांभाळून घेईल, थोडेच दिवस राहिले. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

पाचव्या माळेच्या सकाळी ती झेंडूची फुलं पुढ्यात घेऊन बसली होती. हातातली सुई खाली पडली. ती उचलायला उजवा हात हलेना. लेकीला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता अस्पष्ट आवाज निघाला, ओठ एका बाजूला ओढले गेले. राजनंदिनी ओरडत बाहेर धावली. कुणीतरी जीप काढली आणि उषाबाईला जालन्याला नेलं. झडपेवर धरलेली गाठ मेंदूत गेली होती.

जीव वाचला. बोलणं हळूहळू, तुटक तुटक परत आलं. मग डॉक्टरांनी खाटेशी येऊन विचारलं, "मावशी, गोळ्या कशा काय थांबवल्या?"

उषाबाईने शब्द गोळा केले. "तुम्हीच... चालतं... म्हणले."

डॉक्टरांनी राधेश्यामकडे पाहिलं. मग उषाबाईकडे वळून ते म्हणाले. "मी म्हणालो होतो, एक वेळ जेवून उपवास केला तर चालतं, पण गोळी एकही चुकवायची नाही, पाणी बंद करायचं नाही, आणि उपवासाच्या आधी रक्त तपासून घ्यायचं."

चालतं, पण. त्यातला पहिला शब्द तेवढा राधेश्यामने बाहेर आणला होता. बाकीचं सगळं त्याने दाराआड ठेवलं होतं.

हात गेल्याचं दुःख उषाबाईला पुढे खूप झालं. त्या क्षणी मात्र तिला फसवलं गेल्याचं दुःख झालं, आणि ते हातापेक्षा जड होतं. तिच्या घरात तिचा विश्वास बसलेला एकच माणूस होता, आणि त्यानेच तिला फसवलं होतं.

"देवीला बोलून बसल्तो," राधेश्याम रडत म्हणाला. "नवस मोडला अन् तुला काही झालं तर, म्हणून भ्यालो."

"मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "जीव माझा व्हता."

ती घरी आली तोवर दिवाळी होऊन गेली होती. सोनूबाईंना वेगळीच काळजी लागली होती. अर्धा राहिलेला नवस घराला बाधतो, तेव्हा पुढच्या वर्षी आईच्या जागी नातीने उपवासाला बसावं, असं त्यांनी सगळ्यांदेखत काढलं. उषाबाई भिंतीला धरून उठली.

"आत्याबाई, ज्यानं नवस बोलला त्यानं फेडावा. माझ्या लेकीचं पोट मधी घालू नका."

"मला पित्त होतं, तुला ठाव हाय," राधेश्याम पुटपुटला.

"मंग डॉक्टरला इचारा," ती म्हणाली. "अन् समदं ऐकून या."

पुढच्या नवरात्राआधी ती लेकीला घेऊन स्वतः जालन्याला गेली. डॉक्टरांसमोर बसून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिला आणि शेवटचा, एवढेच दोन उपवास धरले. एक वेळ जेवून, पाणी पिऊन, गोळ्या वेळेवर घेऊन. देवी काही कोपली नाही. वाचणाऱ्याने आपल्याही घरात डोकावून पाहावं. आईच्या, बायकोच्या दुखण्याबद्दल डॉक्टर जे बोलले, ते तिच्यापर्यंत पुरतं पोचलं आहे का?

त्या वर्षीचे घट बसले त्या संध्याकाळी राधेश्याम तांब्या आणि गोळी घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. "घे, येळ झाली."

उषाबाईने हात पुढे केला नाही. ती कोनाड्याशी गेली, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि लेकीने शिकवलेलं नाव सावकाश वाचलं. डाव्या हाताने गोळी निघेना. राजनंदिनी मदतीला उठली, तर तिने मानेनेच नको म्हटलं. पाकीट दातात धरून तिने गोळी काढली, माठातलं पाणी घेतलं आणि गिळली. राधेश्यामचा हात अजून पुढेच होता.